चाकाखालचा दगड

राजापेठच्या पुलाच्या चढावर काल दुपारी शाळेची बस वीतभर मागं सरकली. वीतभरच. आतल्या पोरांना ते कळलंही नाही. मागच्या सीटवर अंताक्षरी चालली होती ती तशीच चालू राहिली. पण दाराशी बसलेल्या सुभद्राच्या दातांना तो हिसका कळला. पुढं ट्रॅफिक तुंबलेलं. ड्रायव्हर भगवंतानं ब्रेक एकदा मारला, दुसऱ्यांदा मारला, आणि तिसऱ्यांदा त्याच्या पायाखालचं पायडल थेट पत्र्याला टेकलं. तो टक् आवाज तिनं ऐकला, आणि ती दाराबाहेर होती, हातात दगड होता, आणि दगड मागच्या चाकाखाली होता. यातलं काही तिनं ठरवून केलं नव्हतं. हातांनीच केलं. मग वर बघितलं तर बंपरपासून हातभर अंतरावर एक स्कूटी, स्कूटीवर एक बाई, बाईच्या पुढ्यात उभं असलेलं लेकरू, तोंडात कुल्फीची काडी. बाईनं चिडून हॉर्न वाजवला. बस उगाचच वाटेत थांबली असं तिला वाटलं असणार. लेकरानं काडी तोंडातून काढली, सुभद्राकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, आणि हसलं. त्या हसण्याचा सुभद्राला असा राग आला की घरी जाऊन चहा प्यायली, स्वयंपाक केला, झोपून उठली, तरी तो उतरला नाही. राग लेकरावर नव्हता. कुणावर होता ते मात्र तिला रात्रभर नीट सांगता आलं नसतं.

आणि आज चिखलदरा. सहावीची सहल. सकाळचे साडेसहा, वडाळीच्या बाजूला शाळेच्या फाटकाबाहेर तो उतार, उतारावर तोंड खाली करून उभी असलेली पिवळी बस, पुढच्या चाकाखाली दगड. बेचाळीस पोरं आत चढून खिडक्यांसाठी भांडत होती. खाली आया होत्या, बाप होते, डबे होते, उलटीच्या गोळ्या होत्या, 'स्वेटर काढू नको बरं का' होतं. सगळे गोवर्धनसेठची वाट पाहत होते. बस त्याची, शाळेनं ठेक्यानं लावलेली. सहलीच्या दिवशी तो स्वतः येऊन चाकापुढं नारळ फोडायचा, आणि फोडायचा तो या दगडावरच. गेली सहा वर्षं असंच चाललं होतं. सुभद्रा दाराच्या खालच्या पायरीवर बसून दगडाकडे बघत होती. दगडावर पोरांनी रंगवलेले दोन डोळे होते. पोळ्याच्या वेळी पाचवीतल्या पोरींनी गेरू लावून, चुन्याचे ठिपके देऊन, वर शिंगं काढून त्याचा बैल केला होता आणि नाव ठेवलं होतं पवळ्या. तेव्हा तीसुद्धा त्यांच्याबरोबर हसली होती, आणि वर चुन्यात बोट बुडवून स्वतःच्या हातानं त्याला एक झूलही काढून दिली होती. दसऱ्याला भगवंतानं बसला हार घातला तेव्हा एक झेंडूचं फूल आणि हळदकुंकू दगडालाही वाहिलं. ज्या गोष्टीची लाज वाटायला हवी तिची आपण पूजा केली, असं आज तिच्या मनात आलं, आणि तिनं पायरीवरची धूळ उगाचच पदरानं पुसली.

दगड लावायला ती शिकली होती माहेरी, अकोल्याकडे. बाप, खुशालराव, मळ्यातली वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, असं सगळं बैलांच्या बंडीत भरून अकोल्याच्या बाजारात न्यायचा. गावाबाहेर नाल्याचा चढ होता. चढाच्या मधोमध बैल दमायचे, आणि मागं धावणाऱ्या सुभद्राचं काम एवढंच, की बैल थांबले रे थांबले की चाकाच्या मागं दगड. नऊ-दहा वर्षांची असेल. चाक मागं यायच्या आत बोटं बाहेर. ती घाई, तो काळ्या मातीचा ओला वास, चाकाची लोखंडी धाव दगडावर टेकल्याचा तो खणखणीत आवाज, आणि मग बैलांच्या नाकातून निघणारे लांब श्वास. बाप म्हणायचा, "पोरीचा हात म्हंजे हात हाय." त्या एका वाक्यासाठी ती पहाटे उठायची. पण बापाचंच आणखी एक होतं, जे तिला कालपर्यंत आठवलं नव्हतं. एकदा चढाच्या पायथ्याशीच त्यानं चाक हलवून पाहिलं, आरे ढिले झालेले, आणि त्यानं सरळ बैल सोडले. आई ओरडली, बाजाराचा दिवस हाय, सांभार सुकून जाईन. सुभद्रा म्हणाली, "बाबा, मी हावो ना, मी दगड लावतो." बाप हसला नाही. म्हणाला, "दगड बैलाच्या दमासाठी असते पोरी. चाक बिमार असन तं सुतार लागते." त्या दिवशीचा सांभार बैलांनीच खाल्ला. बंडी तिथंच पडून राहिली सुतार येईपर्यंत. एवढी साधी गोष्ट. चाळिशी ओलांडली तरी ती विसरून राहायला काय लागतं माणसाला, तर फक्त कौतुक लागतं.

कारण कौतुक झालं होतं. सहा वर्षांपूर्वी ती या बसवर मावशी म्हणून लागली, म्हणजे पोरं चढवायची, उतरवायची, मोजायची, तेव्हा पहिल्याच आठवड्यात छत्री तलावाकडच्या उतारावर भगवंतानं हॅण्डब्रेक ओढला आणि बस तरीही हळूच चालू लागली. सुभद्रा खाली उडी मारून रस्त्याकडेचा धोंडा चाकाखाली सरकवून मोकळी. भगवंत केबिनमधून वाकून बघत राहिला. "बाप्पा! सुभद्राताई, तुमी तं उस्ताद निघाल्या." हॅण्डब्रेकची वायर ताणलेली आहे, दोन दिवसांत करून घेऊ, असं ठरलं. दोन दिवसांनी वायर बदलली असती तर ही गोष्टच नव्हती. पण दोन दिवसांत तिनं एक चांगला दगड शोधून आणला, काळा, एका बाजूनं उतरता, हातात बसणारा, आणि गोणपाटात गुंडाळून पहिल्या सीटखाली ठेवला. मग वायर कशाला? पुढं पायानं मारायचा ब्रेकही मऊ पडला. भगवंत सकाळी बाटलीतून ब्रेक ऑईल टाकायचा, ते संध्याकाळपर्यंत चाकाच्या आतल्या बाजूनं ओघळून जायचं. तो दोनदा मारायला शिकला, मग तीनदा. त्याला म्हटलं तर म्हणायचा, "माह्या पायाले समद मालूम हाय." आणि खरंच होतं ते. त्याच्या पायाला माहीत होतं, तिच्या हाताला माहीत होतं, आणि या दोघांच्या हुशारीवर ती बिमार बस सहा वर्षं ठणठणीत म्हणून अमरावतीभर फिरली. आपण कामात कच्चे असतो तर बस केव्हाच गॅरेजात गेली असती. हा विचार आला आणि तिला खरोखरच हसू आलं, कडू, तोंडातल्या तोंडात.

काल संध्याकाळी तिनं सेठला फोन केला होता. सहा वर्षांत पहिल्यांदा. पुलावरचं सांगितलं. म्हणाली, उद्या ही गाडी घाटात नका पाठवू. सेठ वाईट माणूस नाही, हे तिला कबूल करावंच लागायचं. तिच्या नवऱ्याला, किशोरला, बडनेऱ्याला स्टेशनवर पाय घसरून मार लागला तेव्हा रातोरात गाडी याच माणसानं पाठवली होती. स्वतः वीस वर्षं ट्रक चालवलेला, त्याला ब्रेक म्हणजे नवसाची गोष्ट वाटायची, असला तर उत्तम, नसला तर देव आहे. तो फोनवर मोठ्यांदा हसला. "सहल होऊ दे व सुभद्राबाई. सुट्ट्या लागल्या का समद काम काढतो, लायनर, पंप, वायर, समद. आन् तू काहून भिऊन राहिली? तू हायेस ना!" तू आहेस ना. तिनं फोन ठेवला आणि ते शब्द घरात फिरत राहिले. एरवी असं कुणी म्हटलं असतं तर ती आठवडाभर फुलून राहिली असती. ती आहे म्हणून पंप नको, ती आहे म्हणून वायर नको. परतवाड्यापुढचा घाट तिला माहीत होता. वळणं, दरीकडची बुटकी भिंत, उतरताना पुढच्या गाड्यांच्या चाकांचा येणारा जळका वास. चढताना गाडी दमेल, थांबेल, दगड लावता येईल. पण संध्याकाळी उतरायचं होतं. धावत्या चाकाला दगड लावता येत नाही. इतकी वर्षं दगड लावून तिच्या ध्यानात हे आलं नव्हतं. सकाळी किशोरला म्हणाली, तर तो चहा ओतत म्हणाला, "तुले कोण इचारते? नोकरी जाईन, बाकी काई होनार नाई." नोकरी जाईल हे खरं होतं. बाकी काही होणार नाही, हे मात्र तिनं मान्य केलं नाही.

आणि त्याच्याही खाली एक गोष्ट होती, जी तिनं किशोरलाही सांगितली नव्हती. उन्हाळ्यात बसची तपासणी झाली. मैदानात मातीचा एक चढ केलेला होता. तपासणीचे साहेब तरुण होते, कडक होते, आधीच्या दोन गाड्या त्यांनी परत पाठवल्या होत्या. साहेब भगवंताला म्हणाले, चढावर न्या, गिअर काढा, हॅण्डब्रेक ओढा, उतरा खाली. भगवंत घामाघूम. बस चढावर थांबली आणि सुभद्रा, कुणी न सांगता, कुणी न खुणावता, नेहमीसारखी उतरली आणि पलीकडच्या बाजूच्या मागच्या चाकाखाली दगड सरकवून उभी राहिली. शपथेवर सांगायचं तर फसवायचं तिच्या मनातही नव्हतं. बस चढावर थांबली की दगड लागतो, एवढंच तिच्या अंगाला ठाऊक. साहेब अलीकडून आले, गाडीला हात लावून ढकलून पाहिलं, गाडी हलली नाही. त्यांनी कागदावर खूण केली. तेव्हा तिला कळलं आपण काय केलं. तेव्हा बोलता आलं असतं. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, साहेब, या बाजूला या. पण भगवंताच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता, आणि सेठनं त्या दिवशी पेढे वाटले, तिला साडी दिली, मोरपंखी, आणि सगळ्यांसमोर म्हणाला, ही आमची लक्ष्मी. ती साडी तिनं दोनदा नेसली. आजही तीच नेसायची होती, सहल म्हणून. पेटीतून काढलीसुद्धा, मग परत टाकली आणि रोजची सुती गुंडाळली.

"मावशी," वरून आवाज आला. आचल. पहिल्या सीटवरची, दोन वेण्यांची, पोटात मळमळतं म्हणून कायम पुढं बसणारी. "मावशी, पवळ्याले पण घेऊन जाऊ ना चिखलदऱ्याले? त्याले थंडी वाजली तं?" आजूबाजूच्या पोरी खिदळल्या. सुभद्रानं मान वळवली. आचलच्या मांडीवर डबा होता, डब्याभोवती आईनं ओला रुमाल गुंडाळलेला, पुऱ्या वाळू नयेत म्हणून. एवढीशी काळजी, पुऱ्यांची. कालपासूनचा राग कुणावर आहे ते तिला आता कळलं. तो तिच्या स्वतःच्या हातांवर होता. ती उठली. "उतरा," म्हणाली. पोरांना वाटलं गंमत. "उतरा म्हनलं ना! समदे उतरा. डबे घ्या आन् खाली." मोनाली मॅडम, सहावीच्या बाई, धावत आल्या. "अहो मावशी, काय झालं? आताच तर बसवलं." "मॅडम, गाडीले ब्रेक नाई." "नाही म्हणजे?" "नाई म्हंजे नाई." मॅडमनी भगवंताकडे पाहिलं. भगवंत स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होता, समोर जणू काही फार महत्त्वाचं चाललं आहे असा. त्यानं हो म्हटलं नाही. पण नाही असंही म्हटलं नाही, आणि मॅडम शहाण्या होत्या, त्यांना तेवढं पुरलं. पोरं उतरू लागली, रडकुंडीला आलेली, चिडलेली. एकानं तर जाताना सुभद्राला ऐकू जाईल असं 'खडूस' म्हटलं. म्हण बाबा. ती दारात उभी राहून सवयीनं मोजत होती. चाळीस, एकेचाळीस, आणि शेवटी आचल, डबा छातीशी धरून. बेचाळीस. पालकांत गलका उठला होता. कुणी म्हणत होतं, शाळेनं आधी सांगायला नको? कुणी म्हणत होतं, ही कोण ठरवणारी?

तेवढ्यात गोवर्धनसेठ आला. पांढरे कपडे, पांढरे बूट, हातात शेंडीचा नारळ. त्यानं खाली उभी पोरं पाहिली, रिकामी बस पाहिली, चाकाशी उभी असलेली सुभद्रा पाहिली, आणि हसून सगळं आवरता येईल असा चेहरा केला. "काय व सुभद्राबाई, सकाळी सकाळी काय तमाशा लावून राहिली? पोट्ट्यांची सहल हाय, वर्षातून एक डाव येते." मग पालकांकडे वळून, "काई नाई, गाडी एकदम ओके हाय. उन्हाळ्यातच पास झाली. कागद हायेत माह्यापाशी." कागद. तो शब्द आला नसता तर कदाचित तिला ते बोलता आलं नसतं. आपला आवाज एवढा सरळ कसा निघतोय याचं तिला बोलताना नवल वाटत होतं. "कागद खरा हाय सेठ. पन गाडी ब्रेकवर नाई थांबली त्या दिवशी. म्या मांगून दगड लावला होता. साहेबाले दिसला नाई. मले दिसत होता." पालकांतला एक जण पुढं आला, रागानं तांबारलेला. "म्हंजे तू पन सामील होती?" "होती," ती म्हणाली. "सहा वर्सं होती. आता नाई."

सेठचा चेहरा उतरला, पण आवाज उतरला नाही. "हे पाय, तू चांगली बाई हाय, तुह्या डोक्यात कोनं काई भरून देल्लं असन. मी सांगतो ना, ब्रेक लागते. थोडा मऊ हाय, पन लागते. वीस वर्सं गाडी चालवली म्या." "लागते?" "लागते." "तं मंग नारळ फोडा," ती म्हणाली. "तठीच उभे राहा, चाकापुढं. दरसाल उभे राहता तसे. भगवंतभाऊ, गिअर काढा, हॅण्डब्रेक ओढा आन् खाली या. मी दगड काढतो." मोनाली मॅडमनी न सांगता पोरांना फाटकाच्या आत घेतलं आणि फाटक लावलं. लोक आपापले दोन्ही कडांना झाले. केबिनमधून हॅण्डब्रेक ओढल्याचा कर्र आवाज आला, मग भगवंत उतरला. सेठनं त्याच्याकडे पाहिलं. भगवंत म्हणाला, "ओढला," आणि चालत जाऊन सुभद्राच्या मागं, गाडीपासून लांब उभा राहिला. उतारावर बसच्या तोंडासमोर आता एकटा सेठ होता, हातात नारळ घेऊन.

सुभद्रा वाकली. दोन्ही हात दगडावर ठेवले. दगड गार होता, ओळखीचा होता, गेरू तळव्याला लागला. चाकाचा भार तिला दगडातून हाताला कळत होता, नाल्याच्या चढावर बंडीचा कळायचा तसाच. चाक दगडावर चढायला टपलं होतं, हॅण्डब्रेक ओढलेला असून. तिनं वर बघितलं नाही. बापाची बोटं आठवली, बैलांच्या मानेवरून जू उतरवणारी, घाई नसलेली. खाली वाकलेल्या तिला सेठचे फक्त बूट दिसत होते, आणि बुटांपलीकडं उताराची वाट, थेट खालच्या रस्त्यापर्यंत. "काढू?" ती म्हणाली. तिनं बोटं दगडाखाली घातली. आणि डावा बूट हलला. थोडासाच, पायाला मुंगी चावल्यासारखा. मग उजवा. मग डावा पुन्हा, आणि मग दोन्ही बूट तिच्या नजरेतून निघून रस्त्याच्या कडेच्या गवतात गेले.

फाटकाच्या आत पोरांपैकी कुणीतरी मोठ्यांदा म्हणालं, "सेठ सरकले!" आणि त्यावर एकही मोठं माणूस हसलं नाही. सुभद्रानं बोटं बाहेर काढली. सरळ उभी राहिली, पाठीत कळ आली, गेरूचे हात पदराला पुसले. मघाशी तिच्यावर ओरडणारा तो पालक आता सेठकडे बघत होता, आणि त्याच्या शेजारचे दोघं फोन काढून काही लिहीत होते. नोकरी गेली, हे तिला कळलं. त्या तपासणीच्या साहेबांपुढंही आता जाऊन उभं राहावं लागेल, हेही कळलं. जाईन, ती मनात म्हणाली, स्वतःच्या पायांनी जाईन, कुणी बोलवायच्या आधी. सेठ गवतातून काहीतरी सांगू पाहत होता, घसा साफ करत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. राग नव्हता आता. उलट खूप वर्षांनी दोन्ही हात रिकामे झाल्यासारखं हलकं वाटत होतं.

"दगड मी आता काढत नाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "लावनारही नाई. ज्याले ही गाडी न्याची असन, त्यानं हातानं काढावा. पन चाकासमोर उभं राहून."

आणि ती फाटकाकडे चालू लागली, पोरं पुन्हा एकदा मोजायला. मागं बस उभी होती, चाकाखालून पवळ्याचे दोन डोळे रस्त्याकडे बघत होते. सेठ नारळ हातात धरून गवतातच उभा होता. तिथून तो पुढं आला नाही.